नांदगावच्या गाडीतले टिळक

दुर्ग स्टेशन सुटलं की गाडी शिवनाथ नदीच्या पुलावर येते. मग रसमडा, मुढीपार, परमालकसा आणि नांदगाव. राजनांदगाव हे पूर्ण नाव पाटीवर आणि तिकिटावर. इकडे बोलताना सगळे नांदगावच म्हणतात. नंदिनी नगरहून आजोळी नागपूरला जाताना दर सुट्टीत हा क्रम ठरलेला असे, आणि नांदगाव आलं की आई खिडकीकडे सरकून दर वेळी तेच सांगायची, "इथे टिळक उतरले होते."

मी बरीच वर्षं ते लोकमान्य टिळक आहेत असं धरून चालले होते. दहा-अकरा वर्षांची असताना एकदा विचारलं, लोकमान्य इथे कशाला आले होते? आई म्हणाली, "लोकमान्य नव्हेत गं. लक्ष्मीबाईंचे टिळक."

माझ्या आईच्या तोंडी नारायण वामन टिळकांची ओळख अशीच होती. तिच्याकडे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची एक जुनी प्रत होती. तिचा पुठ्ठा निघालेला होता आणि पाठीला आईनं घरची खळ लावून कापडाची पट्टी चिकटवलेली होती. वडील भंडाऱ्याचे. १९६१ साली ते भिलाई इस्पात संयंत्राच्या नंदिनी खाणीत नोकरीला लागले आणि आई सामानात ते पुस्तक घेऊन आमच्या क्वार्टरात आली. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. त्यातल्या एका रेल्वेप्रवासाबद्दल मला लिहायचं आहे, कारण मराठी कवितेच्या इतिहासातलं एक मोठं वळण आमच्या या लाइनीवर आहे आणि ते इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

साल १८९३. टिळक तेव्हा बत्तीसच्या आसपास. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. शाळेतलं शिक्षण थोडंच झालेलं, पण नाशकात संस्कृत पक्कं केलेलं. डोक्यात सतत धर्माचा विचार. देव एक असावा, तो सगळ्यांचा बाप असावा, माणसं एकमेकांची भावंडं असावीत, जातिभेद असू नये, अशा धर्माचा आराखडा ते स्वतःच मांडत होते. एका गावात, एका नोकरीत हा माणूस टिकला नाही. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं त्यांनी संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं. तेही सुटलं, आणि राजनांदगाव संस्थानात नोकरी शोधायला ते नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसले.

ही लाइनही तेव्हा नवीनच होती. आधी नागपूर ते राजनांदगाव अशी मीटरगेज गाडी सुरू झाली. छत्तीसगडचं धान्य बाहेर निघावं यासाठी, दुष्काळातून शिकून, सरकारनं ती टाकलेली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी निघाली, तिनं ती लाइन घेऊन रुंद केली आणि पुढे कलकत्त्याच्या मार्गाला जोडली. नांदगाव हे वैष्णव बैरागी महंतांचं संस्थान. राजा बलरामदास गादीवर होते आणि गावात कापडाची गिरणी उभी राहत होती. तीच पुढे बंगाल नागपूर कॉटन मिल्स म्हणून ओळखली गेली. राज्य लहान, पण राजा नव्याची आवड असलेला. नोकरीच्या शोधात असलेल्या शास्त्रीबुवांना असं ठिकाण बरं वाटलं तर नवल नाही.

डब्यात एक गोरा माणूस होता. त्या काळात गोरा माणूस आणि नेटिव्ह एका डब्यात आले की काय होई ते सांगायला नको. हा मात्र सौजन्यानं बोलू लागला आणि बोलणं निघालं ते संस्कृत काव्याचं. त्यातून पुढे धर्माचं. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांना ते बोलणं विचित्र वाटलं. पुस्तक वाचण्याचं मात्र त्यांनी कबूल केलं होतं आणि दिलेला शब्द पाळायचा म्हणून ते वाचायला बसले. मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा, सहावा आणि सातवा अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, तिथे ते अडकले. आपल्याला छळणाऱ्या प्रश्नांची उत्तरं या तीन अध्यायांत आहेत, असं त्यांना वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या अनोळखी माणसाची मुदत टळली नाही.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळी चमत्कार म्हणून सांगतात आणि इतर कुणी सांगितलीच तर मिशनऱ्यांच्या डावपेचांचा नमुना म्हणून. मला दोन्ही सांगणं अपुरं वाटतं. माझं लक्ष जातं ते आधीच्या गप्पांकडे, संस्कृत काव्याकडे. गोऱ्या माणसाच्या तोंडी ते कुठून आलं?

त्यामागे शंभर वर्षांचा प्रवास आहे. १७८५ साली चार्ल्स विल्किन्सनं भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर छापलं. १७८९ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सनं 'शाकुंतल' इंग्रजीत आणलं. दोनच वर्षांत, १७९१ मध्ये, गेओर्ग फोर्स्टरनं त्याचं जर्मन केलं आणि गटे ते वाचून भारावून गेला. 'फाउस्ट'च्या आरंभी रंगभूमीवरचा जो प्रवेश आहे, त्याची कल्पना त्याला शाकुंतलाच्या प्रस्तावनेवरून सुचली असं मानतात. निसर्गात जीव पाहणं, झाडावेलींशी माणसासारखं बोलणं, निरोप घेताना आश्रमातल्या हरणानं पदर धरणं, हे सगळं युरोपातल्या तरुण कवींना हवंच होतं, आणि ते त्यांना कण्वाच्या आश्रमात सापडलं. युरोपचा रोमँटिक काळ आपल्याकडे इंग्रजी शाळांतून आला असं आपण शिकतो. त्याच्या शिदोरीत आपलं काही आधीच गेलेलं होतं, हे मात्र शिकवायचं राहून जातं.

आणखी एक माणूस मला इथे आठवतो, फ्रीडरिश श्लेगेल. जर्मन रोमँटिक विचारवंतांतला हा अग्रणी. त्यानं पॅरिसमध्ये संस्कृत शिकून घेतलं आणि भारतीयांच्या भाषेवर आणि ज्ञानावर पुस्तक लिहिलं. ते १८०८ साली प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी तो पत्नी डोरोथियासह कॅथलिक झाला. संस्कृत शिकता शिकता कॅथलिक पंथाकडे गेलेला असा माणूस टिळकांच्या आधी सुमारे पंच्याऐंशी वर्षं युरोपात होऊन गेला होता. फरक एवढाच की श्लेगेल गेला तो बायकोला सोबत घेऊन. टिळकांचं तसं झालं नाही. त्याबद्दल पुढे.

नागपूरहून नांदगावला येताना गोंदियानंतर आमगाव लागतं. त्याच्या जवळ पदमपूर आहे. भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचंच नाव आहे. करुणरसाला सगळ्या रसांचं मूळ मानणारा कवी ज्या मातीतला, तिच्यावरून ती गाडी त्या दिवशी गेली. पुढे सालेकसा, दरेकसा, बोगदा, बोरतलाव, डोंगरगड. आज दरेकसा महाराष्ट्रात आणि बोरतलाव छत्तीसगडात आहे. १८९३ मध्ये अशी हद्द नव्हती. नागपूरही मध्य प्रांतात होतं आणि रायपूरही. त्याआधी अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून छत्तीसगडचा कारभार पाहिला होता, तेव्हापासून मराठी माणूस या बाजूला येतच होता. टिळक त्याच वाटेनं आले. परक्या मुलखात आल्यासारखं त्यांना वाटलं नसणार.

ख्रिस्ती धर्म आणि मराठी यांचं नातंही टिळकांच्या आधीचं आहे. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठीच्या प्रेमात पडला आणि त्यानं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. ओवी आपली, पुराण हा घाट आपला, कथा बेथलेहेमची. पण ती वाट पुढे बुजली. एकोणिसाव्या शतकात मिशनरी पुन्हा आले ते छापखाना, शाळा आणि व्याकरण घेऊन. विल्यम केरीनं १८०५ साली सेरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं. अमेरिकन मराठी मिशनचं 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला निघालं. बाबा पद्मनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचं दुःख कादंबरीत आणलं. नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली आणि पुढे त्यांच्या नावाचं कॉलेज झालं. कामं मोठी होती. पण देवळातलं गाणं परकं होतं. इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी गीतं, अडखळत चालणारी. ज्या भाषेत तुकोबांनी देवाशी भांडण केलं, त्या भाषेत ख्रिस्ताची आळवणी मात्र भाषांतरासारखी होत होती.

टिळकांनी पहिली अट बाप्तिस्म्याच्या वेळीच घातली. तो मिशनऱ्याच्या हातून घ्यायचा नाही. मुंबईत रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी तो दिला. मग अहमदनगरला राहून टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, सगळं. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हटलं आणि गुरू म्हटलं. आळंदीला जे नाव ज्ञानेश्वरांसाठी घेतात, ते नाव नाझरेथच्या सुताराच्या मुलाला दिलं, आणि मराठी कानाला ते मुळीच खटकत नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अनेकांना ती दोन्ही बाजूंनी अडचणीची वाटली असेल. मला ती त्यांच्या आयुष्याची किल्ली वाटते.

आता कवितेकडे वळते, कारण क्रमिक पुस्तकात आम्हाला ते कवी म्हणूनच भेटले. नंदिनीच्या शाळेत मराठी नव्हतं. आई रविवारी आम्हाला जुन्या क्रमिक पुस्तकातून शिकवायची. तिथे 'केवढे हे क्रौर्य!' होती. बाणानं घायाळ झालेली पक्षीण धडपडत घरट्याकडे जाते, पिलांसाठी. आईनं ती कविता हातानं मांडीवर ठेका धरून म्हटली आणि मग वृत्त मोजायला लावलं. सतरा अक्षरं. पृथ्वी. "आता सांगा, हे वृत्त अजून कुणी वापरलं?" आम्हाला काय ठाऊक! मग तिनंच सांगितलं, मोरोपंतांची 'केकावली' पृथ्वीत आहे. देवापुढे केकाटून, आळवून मागण्याचं ते वृत्त. टिळकांनी ते घेतलं आणि त्यात एक मरणारी पक्षीण ठेवली. ज्या वृत्तात भक्त देवाकडे दया मागत होता, त्यात आता एक पाखरू माणसाकडे दया मागत होतं.

माझ्या मते मराठीतल्या रोमँटिक कवितेचा टिळकांपुरता उगम या ठिकाणी आहे. केशवसुतांची गोष्ट थोडी निराळी. ते इंग्रजी कवितेवर वाढलेले. त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणलं, ते पुढे सुनीत म्हणून रुळलं, आणि कवीचं 'मी'पण ताठ मानेनं उभं केलं. विद्यार्थी असताना ते काही काळ नागपुरात होते, तिथे त्यांची टिळकांशी ओळख झाली. वर्ड्सवर्थ आणि कोलरिज यांनी १७९८ साली साध्या माणसांच्या साध्या भाषेत कविता लिहायची म्हणून जे केलं, त्याची हवा या दोघांनाही लागली. पण टिळकांना फुलं आणि मुलं दिसली ती आणखी एका खिडकीतून. डोंगरावरच्या प्रवचनात रानातल्या फुलांकडे आणि आकाशातल्या पाखरांकडे पाहा असं सांगितलं आहे. ती कातत नाहीत, पेरत नाहीत, तरी त्यांची काळजी घेणारा कुणी आहे. शुभवर्तमानात लेकरांना जवळ येऊ द्या असंही येतं. टिळकांना मराठीत फुलामुलांचे कवी म्हणतात. ही दोन्ही त्यांना त्या पुस्तकात भेटली, आणि त्यांना बोलतं करायला भाषा होती ती शाकुंतलाची, मोरोपंतांची आणि तुकोबांची. 'वनवासी फूल' या त्यांच्या दीर्घ कवितेत कवी आणि रानातलं फूल यांचा संवाद आहे, आणि प्रश्न आहे तो आपला जुनाच, संसार सोडावा की संसारात राहावं.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे एका कोवळ्या मुलाच्या कवितेनं सगळ्यांना जिंकलं आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे 'बालकवी' झाले. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. घर ख्रिस्ती, मुलगा ब्राह्मण आणि तसाच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं सांभाळलं. मराठीतली सगळ्यात निर्मळ निसर्गकविता ज्याच्या हातून झाली, तो अशा घरात वाढला हे मला फार मोलाचं वाटतं. धर्माची देवाणघेवाण म्हटलं की आपल्याला वाद आठवतात. तिथे ती दोन वेळच्या जेवणाच्या पानावर चालली होती.

नंदिनीच्या माणसाला देवाणघेवाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आमचं गावच तिच्यातून झालं. १९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचं, चुनखडी आमच्या नंदिनीची, यंत्रं रशियाची, माणसं साऱ्या देशाची. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचे आणि कपाटातली भांडी किणकिणायची. वडील संध्याकाळी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, लोखंड करायचं तर दगड कशाला घालतात? त्यांनी ताटलीत तांदूळ आणि खडे घेऊन दाखवलं. लोखंड खनिजातच असतं. पण त्याला माती, वाळू चिकटलेली असते. भट्टीत चुनखडी ती माती ओढून घेते, तिचा स्लॅग होतो, तो वर तरंगतो आणि काढून टाकतात. खाली उरतं ते लोखंड. "दगड लोखंडात राहत नाही," वडील म्हणाले, "पण तो नसेल तर लोखंड मोकळं होत नाही."

कितीतरी वर्षं मी त्या गाडीतल्या गोऱ्या माणसाला तसं समजत आले. त्याचं नाव या गोष्टीत येत नाही. तो आला, पुस्तक दिलं, उतरून गेला. टिळकांच्या आत लोखंड होतंच, तुकोबांचं, भवभूतीचं. त्याच्या पुस्तकानं त्याला चिकटलेली माती ओढून घेतली. अजूनही मला हे बऱ्याच अंशी खरं वाटतं. पण टिळकांना हे मान्य झालं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या लेखी ख्रिस्त आला आणि राहिला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशन सोडलं, साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत. मिशन त्यांनी सोडलं, ख्रिस्त नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले, तोवर नाही. त्यामुळे माझा दृष्टांत मी त्यांच्या श्रद्धेवर लादणार नाही. तो माझ्यापुरता, आणि त्या अनोळखी माणसापुरता ठेवते.

आणि भट्टीचा दृष्टांत आणखी एका ठिकाणी तोकडा पडतो. भट्टीत धग कुणी सोसली, ते त्यात येत नाही.

आमच्या शेजारच्या क्वार्टरात एक छत्तीसगडी ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांचं मूळ बिश्रामपूरच्या बाजूचं. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचा जर्मन मिशनरी छत्तीसगडात आला आणि सतनामी समाजात त्यानं कामाला सुरुवात केली. गुरू घासीदासांनी एकच सत्यनाम सांगून, जात आणि मूर्ती नाकारून आधीच नांगरून ठेवलेलं हे शेत होतं. शेजारच्या काकी अशाच एका सतनामी घराण्यातल्या. दुपारी पुरुष ड्यूटीवर आणि आम्ही शाळेतून आलेलो, अशा वेळी काकी तांदळाचं सूप घेऊन आमच्या ओसरीवर येत आणि आई त्यांना 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवी. एक परिच्छेद मराठीत, मग तोच आपल्या मोडक्या हिंदीत. काकींचा हात सुपात चाले, कान पुस्तकात.

टिळक ख्रिस्ती झाल्याची बातमी लक्ष्मीबाईंना कळते, तो भाग ज्या दिवशी आला तो दिवस मला आठवतो. लक्ष्मीबाईंचं लग्न लहानपणी झालेलं. वडिलांच्या घरी सोवळ्याचा अतिरेक. नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा पदरात लहान दत्तू. ज्या बाईला विचारलं नाही, सांगितलं नाही, तिच्या आयुष्याचे एका दिवसात दोन तुकडे झाले. पुढची चार-पाच वर्षं ती नातेवाइकांच्या आधारानं, पंढरपुरात, नवऱ्यापासून दूर राहिली. आई वाचता वाचता थांबली. काकींचं सूपही थांबलं होतं. मग त्या म्हणाल्या, "हमरो घर म अइसनेच होय रहिस." त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पणजी लेकरू कडेवर घेऊन माहेरी निघून गेली होती. कितीतरी वर्षांनी परत आली. कशी आली, काय वाटलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. काकींनी डोळ्यांना पदर लावला आणि आईला म्हणाल्या, पुढे वाचा.

पुढे जे आहे ते मला मराठी गद्यातलं शिखर वाटतं. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे अहमदनगरला गेल्या तरी आपलं सोवळं, आपली चूल सांभाळून राहिल्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःशीच विचार केला. जाती देवानं केल्या असतील का? नसतील, तर मी कुणाच्याही हातचं का खाऊ नये? आणि त्या दिवसापासून त्या खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली राहुरीला. टिळक ज्या ठिकाणी ग्रंथ वाचून पोचले, त्या ठिकाणी ही बाई स्वयंपाकघरातून पोचली. तिला कुणी पुस्तक भेट दिलं नव्हतं. हाताशी होती ती भाकरी, पाण्याची घागर आणि लहानपणापासून भिनवलेलं सोवळं. विचारांचा इतिहास लिहिणारे गाडीतला प्रसंग लिहितात, कारण तिथे पुस्तक आहे. स्वयंपाकघरातला हा प्रसंग मला तेवढाच मोठा वाटतो. कल्पना डोक्यात येणं सोपं. ती चुलीपर्यंत नेणं हे खरं काम, आणि ते लक्ष्मीबाईंनी केलं.

नांदगाव पुढेही या देवाणघेवाणीतून सुटलं नाही. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. कॉलेज राजवाड्यात, आणि त्यांचं घरही त्याच आवारात, तळ्याकाठी. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदीचा मोठा कवी झाला आणि त्याचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत कवी झाले. छत्तीसगडच्याच बालपूरच्या मुकुटधर पांडेय यांनी १९२० साली जबलपूरच्या 'श्रीशारदा'मध्ये हिंदीतल्या नव्या कवितेवर लेखमाला लिहिली आणि 'छायावाद' हे नाव रूढ केलं. हिंदीच्या रोमँटिक काळाचं बारसं एका छत्तीसगडी माणसानं केलं. या मुलखाला आपण खाणी आणि जंगलांसाठी ओळखतो. कवितेच्या नकाशावरही तो तेवढाच ठळक असायला हवा.

नंदिनीच्या जुन्या खाणीच्या जमिनीवर आता झाडं लावली आहेत. आमच्या क्वार्टरात दुसरं कुटुंब आहे. आई गेली, काकी गेल्या. नांदगावचा थांबा आला की मी आईसारखीच खिडकीकडे सरकते.

'स्मृतिचित्रे'चं ते वाचन संपत आलं तेव्हाची एक गोष्ट सांगून थांबते. टिळकांनी ख्रिस्ताच्या चरित्राचं महाकाव्य योजलं होतं, 'ख्रिस्तायन'. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. धड शाळेतही न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते काम तडीला नेलं. आईनं हे काकींना हिंदीत सांगितलं. काकींनी बोटांवर मोजून पाहिलं, पुन्हा एकदा आईला आकडे विचारले आणि सूप खाली ठेवलं.

"तब तो किताब ओखरेच आय," त्या म्हणाल्या. मग तर पुस्तक तिचंच आहे.

आईनं पेन्सिल घेऊन त्यांचं वाक्य जसंच्या तसं, छत्तीसगडीतच, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं. अक्षर आता पुसट झालं आहे, पण वाचता येतं.